एका बाकड्यावर दोन नवरदेव

मला हे सांगायचं नव्हतं. पण मंडळाच्या अंकासाठी पोरं दारात ठाण मांडून बसली. चौथी शिकलेल्या माणसाकडून लिहून घेताय, मग चुका काढू नका.

अठ्ठ्याण्णव साल. आमची दिपिका इथे गिरीजच्याच शाळेत शिकवायची. तुळिंजच्या कौस्तुभचं स्थळ आलं. मुलाचा फ्लॅट होता, मला पसंत. न बघताच होकार कळवायला निघालो, तर माझा मुलगा भूपेश आडवा आला.

"बाबा, तिला चॉइस द्या."

"म्हणजे काय करू?"

"दोन मुलं बघू द्या. आवडेल तो ती निवडेल."

एवढंच ना! (साधी गोष्ट इंग्रजीत सांगितली की भूपेशला पगार वाढल्यासारखं वाटतं.) केळीच्या वाडीत माझी हयात ह्यातच गेली. गिऱ्हाईक आलं की केळ्यांचे दोन लोंगर शेजारी शेजारी ठेवायचे. ते उलटून, दाबून बघतं आणि एक उचलतं. वेगवेगळे दाखवले तर फरक कळणार कसा?

म्हणून दुसरं सांगून आलेलं स्थळ, वटारचा जयवंत, त्यालाही मी त्याच रविवारी, त्याच वेळेला बोलावलं.

दोघे पडवीत एकाच बाकड्यावर बसले. कौस्तुभच्या वडिलांना जयवंत घरचाच वाटला. त्यांनी पाणी मागितलं, त्यानेही आत जाऊन तांब्या आणला.

"आपण मुलीचे कोण?"

"अजून कोणी नाही. बघायला आलोय."

"आम्हीपण!"

माझी बायको शकू स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" सगळ्यांदेखत!

"चॉइस आहे," मी म्हणालो.

"आम्हाला काय बाजारात मांडलंय?" कौस्तुभचे वडील उठलेच. तेवढ्यात दिपिका पोहे घेऊन बाहेर आली. तिने दोघांना नीट बघून घेतलं.

"आलाच आहात तर ऐका. लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही. चालेल?"

कौस्तुभने वडिलांकडे बघितलं. जयवंत म्हणाला, "मग सकाळच्या डब्याचं ठरवावं लागेल. मला भाजी जमते, पोळ्या नाही."

"पोळ्या मला येतात," दिपिका म्हणाली आणि पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली.

आज इतकी वर्षं झाली, दोघांचे डबे जयवंतच भरतो. (पोळ्या अजूनही दिपिकाच लाटते.)

लग्नाच्या मांडवात शकू बायकांना सांगत होती, "दोघांना एकदम बोलवायचं, ही माझीच कल्पना!" माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तुला कधी कोणी चॉइस दिला होता, म्हणून तुला एवढं सुचतंय?"

"दिला होता की! तुमच्या आधी एक बघून गेला होता, तोच मला पसंत होता. त्याने नाही म्हटलं, मग तुम्ही उरलात."

बायका अजून हसतात. माफी मात्र अजून आलेली नाही. ती मागायची आहे शकूने.