करडाच्या गळ्यातलं सूत

निमगाव केतकीच्या बाजारात लोक खाटकाकडं मांडी मागतात. आमच्या शेजारचे गणपतआबा मात्र कोवळ्या करडाच्या गळ्यातली गाठ मागत. ती कुणी खात नाही, म्हणून खाटीक फुकट देई आणि विचारी, "कुत्र्याला का, आबा?"

"न्हाय. शास्त्राला."

आबांनी पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं नोकरी केली. गाठी चिरायच्या, मिठाच्या पाण्यात वाटायच्या, फडक्यातून गाळायच्या. मग साहेब त्यात स्पिरिट घालून पांढरं सूत काढत. त्या काळी त्याला न्यूक्लीन म्हणत, आज डीएनए म्हणतात.

"मानसात, बोकडात, कांद्यात, समद्यात असतंय," आबा सांगत. "कशापायी, ते सायबालाबी ठावं न्हाय. घाण काढत जायाची, उरंल ते खरं." हे शेवटचं वाक्य ते धान्य पाखडणाऱ्या बायकांनाही ऐकवत.

पण सूत काढायच्या कामाला साहेबांनी आबांना कधी हात लावू दिला नाही. इकडं गावात आबांच्या बायकोनं, पारूकाकूनं, ती वीस वर्षं एकटीनं शेती ओढली. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेले, तोंड शाबूत राहिलं. "पुन्यात बाटल्या धुतल्या ह्यांनी. दुसरं काय?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. म्हणून ते सूत तिच्यासमोर, घरात काढायचं, हा आबांचा हट्ट. दर खेपेला मात्र नुसता चुरा निघे.

एकदा मी विरजण मागायला गेले, तर आबा स्पिरिट ओतून रवीनं घुसळत होते. मोठ्यांपुढं मला बोलवत नाही. पण निघून गेलं तोंडातून, "आबा, ताक न्हाय ते. सूत तुटत आसंल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. रवी खाली ठेवली. उरलेलं गाळलेलं पाणी पेल्यात घेतलं, कडेकडेनं स्पिरिट सोडलं आणि काचेची काडी अगदी हळू फिरवली. काडीवर सूत चढू लागलं. शेवयांसारखं, लांबच लांब.

"आलं! सायबाचं न्हाय, माजं हाय ह्ये!" सत्तरीचे आबा चुलीभोवती नाचले.

त्यांनी ते काकूच्या बोटांवर ठेवलं. ती म्हणाली, "शेंबूड हाय की ह्यो."

आबा मटकन खाली बसले.

काकूनं पुन्हा चाचपलं. बोटांत धरून ताणून पाहिलं. मग भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेली, हात पुढं केला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं या गं समद्या! आमच्या ह्यांनी काढलंय. बघा तरी, कसं पांढरंशुभ्र हाय!"

बायका धावल्या, वाकून वाकून सूत बघू लागल्या. आबा तेवढे सुताकडं बघत नव्हते.