वहिनींचा घोडा

रात्रभर आगगाडीत हाडं खिळखिळी करून हैदराबादला जायचं, रेसकोर्सात शिरायचं, आणि घोडे सुटले की मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, हा प्रकार मी वाघमारे मास्तरांखेरीज कुणात पाहिला नाही. आजूबाजूला लोक घसा फोडून ओरडत असत आणि मास्तर भिंतीकडे बघत भुईमुगाच्या शेंगा सोलत. म्हणत, "बघायचं ते आधीच बघून झालं. आता पळणं घोड्याचं काम हाय."

आम्ही जुन्या जालन्यातल्या एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवत, मी भूगोल. सत्तरनंतरचे ते महागाईचे दिवस. गणिताच्या मास्तराकडून रेस शिकलो तर आपलं भलं होईल, अशी माझी समजूत होती. शिकलो ते एवढंच, की लाकडी बाकावर कंबर कुठं कुठं दुखू शकते.

पहिले काही महिने त्यांनी मला घोड्यावर पैसे लावायचं तिकीटच काढू दिलं नाही. शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात, तिथं कठड्याशी उभं करायचे. कुणाला उगाच घाम फुटलाय, कुणाचे कान मागं पडलेत, ते बघायला लावायचे. सगळे बरोबरीत यावेत म्हणून चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिसं घालून वजन वाढवतात, म्हणून नुसता वेग विचारायचा नाही, पाठीवर किती आहे ते आधी विचारायचं. आणि नावाला भुललेला माणूस बिलकुल कामाचा नाही. एवढं सगळं पढवून झालं की बहुतेक वेळा म्हणायचे, "आज खेळण्यासारखं काही न्हाई." हे ऐकायला मी रात्र जागून आलेला असे.

हीच नजर शाळेतही चाले. नवे हेडमास्तर प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा मास्तर माझ्या कानात म्हणाले, "दमून राह्यलंय. हे साल काढणार न्हाई." हेडमास्तरांनी दिवाळीतच बदली मागून घेतली.

अशा माणसानं दर खेपेला शेवटच्या शर्यतीत एखाद्या अगदी मरतुकड्या घोड्यावर तिकीट काढावं, याचं मला नवल वाटे. ते तिकीट वहिनींचं, मास्तरांच्या बायकोचं होतं. वहिनींची कंबर कित्येक वर्षांपूर्वी गेलेली, बाजेवरून उठणं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मास्तर हैदराबादचा इंग्रजी पेपर घेऊन उशाशी बसत आणि एकेका घोड्याचं नाव मराठीत करून सांगत. रॉयल थंडर म्हणजे राजाचा गडगडाट. वहिनी म्हणत, नको बाई, डोकं उठंल. मग नुसत्या नावावरून त्या एक घोडा निवडत. शर्त एकच होती. वहिनींचा घोडा ज्या दिवशी जिंकेल, त्या दिवसापासून मास्तरांची रेस कायमची बंद.

नावावर निवडलेले घोडे मागंच राहतात, त्यामुळे मास्तर निर्धास्त होते. सोमवारी सकाळी घरी येऊन ते वहिनींना त्यांच्या घोड्याची शर्यत रंगवून सांगत. शेवटून पहिला आलेला घोडा त्या गोष्टीत केसभरानं हरत असे. शर्यत त्यांनी पाहिलेली नसेच, तेव्हा त्यात खरं असायचं कारण नव्हतं.

त्या हिवाळ्यात सायलेंट रिव्हर नावाची एक म्हातारी घोडी होती. "मुकी नदी," मास्तरांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, मुकी हाय बिचारी, तिलाच लावा. रिंगणात ती पायाला पट्टी बांधून फिरताना दिसली आणि मास्तरांनी सुखाचा सुस्कारा सोडला.

शेवटच्या वळणावर पुढचे दोन घोडे एकमेकांत अडकले आणि ती म्हातारी कठड्याच्या कडेनं निघून आली. मी मास्तरांच्या खांद्याला हात लावला. कितवी, त्यांनी विचारलं. पहिली म्हटल्यावर ते वळले आणि रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत मी त्यांना एकच गोष्ट समजावत होतो. वहिनींना इंग्रजी येत नाही, जालन्यात दुसऱ्या कुणाला पत्ता नाही, हरली म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. शाळा आणि ती बाज सोडली तर या माणसाला रेसखेरीज दुसरं होतं काय? ते "बराबर हाय तुझं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, पटलं.

सकाळी स्टेशनावरून मी त्यांच्याबरोबरच घरी गेलो. वहिनींनी विचारलं, काय झालं माझ्या नदीचं?

"जिंकली," मास्तर म्हणाले.

आणि माझ्याकडून ऐकलेलं ते वळण, तो कठडा, सगळं त्यांनी हात हलवून हलवून सांगितलं. वहिनी लहान मुलीसारख्या ऐकत होत्या. मग त्यांना शर्त आठवली आणि चेहरा उतरला.

"एवढं खोटं बोलता आलं न्हाई का तुमाला?" त्या म्हणाल्या. "आता शुक्रवारी मला नावं कोण वाचून दाखवणार?"

मास्तर बाजेच्या कडेला टेकले. प्रवासानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"इतक्या वर्षांत तुझा घोडा पैल्यांदा आला," ते म्हणाले. "मंग ते तुला न्हाई तर कुणाला सांगायचं मी?"