सालीचा गुण

सासूबाईंच्या पायाचा अंगठा सुजला, तेव्हा तो विज्ञानाच्या आड येईल अशी घरात कोणालाच कल्पना नव्हती. जावई संशोधक असलेल्या घरात तर ही शक्यता सर्वांत आधी ध्यानात यायला हवी होती.

संशोधकाने एका फळाच्या सालीतून एक द्रव्य वेगळं काढलं होतं. प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते ओतलं की दाह उतरे, कर्करोगाच्या पेशी माना टाकत, जंतूही गारद होत. आता बशीत माना टाकणं फारसं अवघड नसतं. भांडी घासायचा साबण ओतला तरी पेशी माना टाकतात. पण साबणावर निबंध लिहून बढती मिळत नाही. निबंधाच्या शेवटी त्याने रिवाजाप्रमाणे 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य घातलं. त्याचा अर्थ 'माझी नोकरी चालू राहू द्या' असा होतो, हे त्या क्षेत्रातले सगळे जाणून असतात.

मग संस्थेच्या प्रसिद्धी अधिकारीबाईंनी बातमी तयार केली. जागा कमी होती, म्हणून 'बशीतल्या पेशींमध्ये' हे शब्द गेले.

"वाचकांना बशीत रस नसतो, सर. आणि हा 'शक्यता' शब्द जरा मिळमिळीत वाटतो. काढू?"

संशोधकाने घसा खाकरला. समोर संचालक चक्क हसत होते. ते हसू घालवायचं त्याच्या जिवावर आलं.

"काढा," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत फळवाला साल तोलून विकू लागला आणि आतला गर वर फुकट देऊ लागला. संचालकांच्या खिडकीत साली वाळत पडल्या. संस्थेचा हिशेबनीस रोज सालीचा काढा पिऊन पोट धरून बसे आणि "विष बाहेर पडतंय" म्हणून समाधानाने कण्हत राही. शोधाचा जनक मात्र आसपास कोणी नाही असं बघून फळ सोले, गर खाई आणि साल टाकून देई.

सासूबाईंना मधुमेह होता. डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की सूज वर चढली तर अंगठा कापावा लागेल. सासूबाईंनी गोळ्या कपाटात ठेवल्या आणि अंगठ्याला साल बांधली. बायकोने संशोधकाला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं.

"आईचा अंगठा काळा पडायला लागलाय. तुझ्या सालीपायी. आता तूच सांग तिला."

तो पलंगाशी बसला. "आई, आधी ही साल सोडा बघू."

"का? तुमचीच तर आहे, जावईबापू."

"अहो, ते सगळं बशीतलं आहे. माणसावर नाही केलेलं."

"म्हणजे पेपरात खोटं छापलं?"

"खोटं नाही... खरंच आहे. पण त्याचा उपयोग काही नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही तिथे..." सासूबाई थांबल्या. मग लेकीकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती साधे गं हे! एवढं नाव झालं, पण गर्व म्हणून नाही. जा, आणखी एक साल आण."

खरं बोलावं तसतशी साल घट्ट होत चालली होती. संशोधकाने क्षणभर त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ताठ बसून परिषदेतला आवाज काढला.

"आई, एक नवा निष्कर्ष हाती आलाय. अजून छापून यायचाय. ही साल या गोळ्यांबरोबरच लागू पडते. आणि अंगाला लावली की तिचा गुण उडून जातो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची."

"झाकून की उघडी?"

"झाकून," तो म्हणाला. इतकं ठाम विधान त्याने आयुष्यात एकाही निबंधात केलं नव्हतं.

सासूबाईंनी गोळ्या घेतल्या. सूज उतरली, अंगठा वाचला. भेटायला येईल त्याला त्या सांगू लागल्या, "नुसती झाकून ठेवली हो! लावायचीसुद्धा गरज पडली नाही."

प्रसिद्धी अधिकारीबाईंचा फोन आला. "सर, माणसावर गुण आला? तोही दुरून? बातमीत गोळ्यांना मात्र जागा नाही हं." पाठोपाठ संचालकांनी 'दूरस्थ साल विभाग' प्रस्तावित केला आणि प्रमुखपदी संशोधकाची शिफारस केली. त्याने रात्रभर विचार केला. विचार करावा लागला, याची त्याला आजही लाज वाटते.

सकाळी त्याने वर्तमानपत्रात स्वतःच खुलासा दिला. बशी, साबण, गोळ्या, आपली थाप, सगळं लिहिलं. फळाचं नाव तेवढं सावधगिरी म्हणून गाळलं.

पहिली बातमी हुकलेल्यांचे फोन दिवसभर खणखणत राहिले. बशीबद्दल कोणी विचारलं नाही, गोळ्यांबद्दलही नाही.

"सर, बाकी सगळं पटलं. पण फळ कोणतं?"

हसू नका. या कथेतही ते नाव कुठेच आलेलं नाही, आणि मघापासून ते कोण शोधतंय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.