पानांची गादी

गादीवाल्याच्या घरात भिंतीवर फोटोंची एक रांग होती. प्रत्येक फोटोत तेच झाड, त्याखाली पिवळ्या पानांचा तसाच ढीग आणि त्या ढिगावर हवेत तरंगणारी थोरली मुलगी, ताई. पानगळ सुरू झाली की एका रविवारी सगळ्यांनी बागेत जायचं, ढीग करायचा, त्यात उडी मारायची आणि पाय जमिनीला टेकायच्या आत फोटो काढायचा, असा घरचा शिरस्ता होता. धाकटी चिमणी आजवर फोटोच्या कोपऱ्यात हातात एक पान धरून बसलेली असायची, कारण ती लहान होती. यंदा मात्र उडी तिची होती. तसं तिला मागच्या पानगळीतच कबूल केलं होतं, आणि एवढ्याशा माणसाला दिलेला शब्द मोठ्यांना विसरता येत नाही. वर्षभर ती सोफ्यावरून, जिन्यावरून आणि जमेल त्या पाहुण्यावर सराव करत होती.

अडचण आली ती बागेतल्या नव्या माळ्यामुळे. जुन्या माळ्याचा झाडूपेक्षा बाकावर जास्त जीव होता, त्यामुळे पानं सुखाने साचायची. नव्याला आळस ठाऊकच नव्हता. पान जमिनीला टेकायचा अवकाश, की हा झाडू घेऊन हजर. आधीच्या आठवड्यात गादीवाला सहज चक्कर मारायला गेला, तर हिरवळ पुसलेल्या ताटासारखी लख्ख. त्याने माळ्याला गळ घातली.

"पानं न्या की, हवी तेवढी न्या," माळी म्हणाला. "रविवारी इथे आणून खुशाल उड्या मारा. पण जाताना एक पान मागे राहता कामा नये."

दुसरा कोणी असता तर पानं पोत्यात कोंबून मोकळा झाला असता. पण गादीवाल्याचं म्हणणं पडलं की पोत्यात पान चुरगळतं, आणि चुरगळलेलं पान वाजत नाही. वाजलं नाही तर उडीत मजा ती काय राहिली? म्हणून त्याने पानं दुकानात पसरून कडकडीत वाळवली आणि गादीच्या खोळीत हलक्या हाताने भरली. मग हात थांबेनात. त्याने कोपरे नीट बसवले, कडा सारख्या केल्या आणि सवयीने वरून टाकेही घातले. खोळी शिवायचं काम बायकोकडे. तिने गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या कापसाच्या गादीसाठी आणलेल्या निळ्या पट्ट्यांच्या ताग्यातूनच ही खोळ शिवली होती. दोन्ही गाद्या दाराशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्यावर तिला शंका आली.

"अहो, ओळखू येईल ना कुठली कुठली ते?"

"माझी गादी मला ओळखू येणार नाही होय?" गादीवाला म्हणाला.

त्याला ओळखू आलीही असती. पण शनिवारी संध्याकाळी टेम्पोवाला आला तेव्हा तो वरच्या मजल्यावर पलंगाखाली शिरून चिमणीचा हरवलेला बूट शोधत होता, आणि बायको मशीनवर होती. "डॉक्टरीणबाईंची गादी कुठली?" असं खालून विचारणं झालं, "निळ्या पट्ट्यांची, दाराजवळची" असं पलंगाखालून उत्तर गेलं. टेम्पोवाल्याने दोन्ही उचलून पाहिल्या आणि कुठलाही शहाणा माणूस नेईल तशी हलकी नेली.

रविवारी सकाळी गाडीच्या टपावर गादी चढवताना गादीवाला घामाघूम झाला.

"काल तर तुम्ही एका हाताने नाचवत होतात," बायको म्हणाली.

"दव बसलं असेल रात्रीचं."

"दुकानात?"

यावर गादीवाल्याने दोरी आवळायचं काम एकदम मन लावून सुरू केलं.

झाडाखाली पोचल्यावर त्याने शिवण उसवली, खोळ उलटी धरली आणि दोन्ही हातांनी झाडली. चिमणी तिकडे बाकापासून धावत सुटली होती. ढीग पिवळा नाही, पांढरा आहे, हे सगळ्यांच्या लक्षात येईपर्यंत तिची उडी पडलीसुद्धा. ती गळ्यापर्यंत कापसात बुडाली. आवाज म्हणाल तर काहीच नाही.

चिमणीने अपेक्षेने ताईकडे पाहिलं. घरच्या शिरस्त्याची सगळी कलमं ताईला पाठ होती.

"वाजली नाही," ताई म्हणाली. "ही उडी धरायची नाही."

चिमणीचा खालचा ओठ पुढे आला. त्यातच वारा सुटला. पानं निदान एका जागी पडून राहतात, पिंजलेला कापूस माणसाला पळवतो. माळी आला तेव्हा अख्खं कुटुंब बागेत वाकून वाकून धावत होतं.

"मी पानांचं बोललो होतो," माळी इतकंच म्हणाला आणि झुडपात अडकलेला कापूस वेचायला लागला.

दुपारी चौघेही डॉक्टरीणबाईंच्या दारात उभे राहिले, केसांत कापूस घेऊनच. बाई दातांच्या डॉक्टर. समोरच्या माणसाने तोंड उघडावं ते त्यांनी सांगितल्यावरच, अशी त्यांची शिस्त. गादीवाल्याने माफी मागून सगळा घोटाळा सांगितला आणि गादी बदलून देतो म्हणाला.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "अशी गादी मला जन्मात मिळाली नव्हती."

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या यजमानांची साखर वाढलेली, गोड पूर्ण बंद. तरी रोज सकाळी बिस्किटांचा डबा थोडा रिकामा झालेला दिसायचा. काल रात्री यजमानांनी पाय खाली सोडायचा अवकाश, की गादी वाजलीच. दर खेपेला बाईंना जाग आली आणि दर खेपेला यजमान निमूट परत आडवे झाले. ते आता त्याच गादीच्या शेजारी खुर्चीत बसून बिनसाखरेचा चहा पीत होते, आणि त्यांचं तोंड चिमणीसारखंच झालं होतं.

"आत पानं असोत नाहीतर पत्रे," बाई म्हणाल्या, "मी ती देणार नाही."

"माझी पानं आहेत ती," चिमणी म्हणाली आणि रडायला लागली.

दात काढताना लोक रडले तर बाई विरघळत नसत. इथे मात्र त्या गडबडल्या. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. गादी इथेच राहील. पण एक उडी मार."

चिमणीने बूट काढले, पार व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिथून धावत आली. गादी अशी कडाडून वाजली की यजमानांचा चहा सांडला.

"धरली," ताई म्हणाली.

फोटो बरोबर हवेतला आला. गादीवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते कापसावर ढकललं.

आता निघायचं, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले यजमान बोलले. "एकच का? मार बाळ, आणखी मार. ताई, तूसुद्धा ये. दोघी मिळून. त्या उशाकडच्या कोपऱ्यात नाचा जरा, तिकडे राहिलंय."

मुलींना कोणी दुसऱ्यांदा सांगायला नको होतं. बाई कौतुकाने बघत राहिल्या. यांना मुलांचा इतका लळा कधी नव्हता, असं त्या गादीवाल्याच्या बायकोला म्हणाल्यासुद्धा. गादीवाला मात्र कान देऊन ऐकत होता. कडाड आवाजाची कुरकुर झाली, कुरकुरीची खसखस झाली, आणि मग दोघी उड्या मारत होत्या तरी काहीच ऐकू येईना. त्याने यजमानांकडे पाहिलं. यजमान छताकडे पाहत होते.

नवा फोटो भिंतीवर लागला. चिमणी हवेत आहे आणि कोपऱ्यात, जिथे पूर्वी ती पान धरून बसायची, तिथे कप धरलेले एक गृहस्थ आहेत. ते चिमणीकडे बघत नाहीत, गादीकडे बघताहेत.

सोमवारी डॉक्टरीणबाई यजमानांना घेऊन दुकानात आल्या. गादी एका रात्रीत मुकी झाली होती आणि डबा रिकामा.

"पानं बसली, बाई," गादीवाल्याने खरं ते सांगितलं. "आता नवीन भरायची तर पुढची पानगळ यायला हवी."

"मग पुढच्या पानगळीत आठवणीने भरून द्या," बाई बजावून म्हणाल्या आणि निघाल्या.

यजमान दारात जरा रेंगाळले. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा होता.

"आणि मुलींना घेऊन या," ते म्हणाले.