केशवरावांच्या दारावरचा चरा

एका जंगलात, मुलांनो, रस्ते नव्हते, पण गाड्या फार होत्या.

तिथे केशवराव नावाचं अस्वल राहत असे. त्यांनी नुकतीच लालचुटुक गाडी घेतली होती. गाडी घ्यायचं खरं कारण म्हणजे त्यांचे साडू बळवंतराव. ते टेकडीपलीकडे राहत आणि भेटले की विचारत, "काय केशवराव, अजून पायीच का?" येत्या रविवारी बळवंतरावांच्या नव्या गुहेची वास्तुशांत होती. केशवराव गाडीने जाणार होते. त्या आनंदात त्यांना मधसुद्धा आठवेना.

रविवारी सकाळी शेजारचे काटदरे गाडी बघायला आले. काटदरे म्हणजे साळिंदर. त्यांनी कौतुकाने गाडीला अगदी अंग घासून एक प्रदक्षिणा घातली. दारावर चरा उमटला.

चरा इतका बारीक, की उन्हात मान तिरकी करून, श्वास रोखून पाहिला तरच दिसे. केशवराव तसाच पाहत उभे राहिले.

"काटदरे! काय केलंत हे!"

"चुकलो हो. पण वरवरचाच आहे," काटदरे म्हणाले. "नख फिरवून बघा. नख अडकलं नाही, तर मऊ फडक्याने जरासं पॉलिश लावलं की जातो."

सल्ला अगदी बरोबर होता. केशवरावांनी नख फिरवून पाहिलं.

मुलांनो, अस्वलाच्या एका पंजाला पाच नखं असतात.

"आता सहा चरे झाले," केशवरावांच्या पत्नी इंदुमतीबाई गुहेच्या दारातून म्हणाल्या. त्या पैठणी नेसून तयार होत्या. "अहो, चला ना. गाडी चालतेय ना?"

"अगं, बळवंतराव आधी दारच बघणार!"

केशवरावांनी पॉलिश आणलं आणि घासायला घेतलं. चरे गेले. पण तेवढाच तुकडा आरशासारखा चकाकू लागला आणि बाकीचं दार मळकट दिसू लागलं. मग त्यांनी सगळं दार घासलं. आता बॉनेट जुनं वाटू लागलं.

"केशवराव, पुरे," काटदरे म्हणाले.

"तुम्ही लांबूनच बोला!"

दुपारी पॉलिश संपलं. केशवरावांनी नदीची ओली वाळू आणली. इंदुमतीबाईंचा गजरा सुकला. तिकडे पहिली पंगत उठली असेल, दुसरीही उठली असेल. उन्हं कलली तेव्हा लाल रंग एकाच ठिकाणी उरला होता, केशवरावांच्या अंगावर. गाडीचा नुसता करडा पत्रा झाला होता.

केशवराव मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले.

इंदुमतीबाईंनी त्याच फडक्याने त्यांचं नाक पुसलं. "चरा गेला ना? मग उठा."

ते पोहोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. बळवंतराव बाहेर आले. केशवरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

बळवंतराव गाडीभोवती फिरले. पत्र्यावर टिचकी मारली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बिनरंगाची? नवीनच निघालेली दिसतेय."

खरं सांगायला केशवरावांनी तोंड उघडलं. इंदुमतीबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"हो ना, भावोजी," त्या म्हणाल्या. "सहजासहजी मिळत नाही. दिवसभर उभं राहावं लागतं."

बळवंतराव त्या रात्री फारसं जेवले नाहीत. शेजारीच त्यांची पिवळीधमक गाडी उभी होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीपलीकडून खसाखस घासण्याचा आवाज येऊ लागला. केशवराव लगोलग तिकडे गेले, खुर्ची मागवून बसले आणि पंजा पुढे करून म्हणाले,

"बळवंतराव, इथे अजून थोडा रंग दिसतोय."

तात्पर्य : बारीक चूक लपवायच्या भानगडीत पडू नये, ती कुणाला तरी दिसतेच. घासून घासून ती एवढी मोठी करावी, की लोक तिचा पत्ता विचारू लागतील.