येतो म्हणायचं

“तळघरात माणसं बटाटे ठेवतात. आपण जपानी ठेवलेत,” श्यामकांत वसुधाच्या कानाशी पुटपुटले. खालून ड्रम वाजत होते आणि तिच्या हातातल्या पातेल्यातलं वरण ठेक्यावर थरथरत होतं.

मुलगा मयुरेश नोकरीसाठी न्युरेम्बर्गला गेला, तसं त्यांच्या हॅम्बर्गच्या घराचं तळघर ओस पडलं. तिथं वसुधाने केंता आणि हिरोमीला तालमीला जागा दिली. केंता गिटार वाजवत गायचा, हिरोमी ड्रम बडवायची. दोघांचाच बँड, ना कंपनी, ना मॅनेजर. चाहते म्हणाल तर मराठी मंडळातली दहाबारा माणसं, तीही वसुधाच्या भिडेखातर.

तालीम संपली की दोघं वर जेवायला. जेवता जेवता केंता वसुधाकडून मराठी शिकला. निघताना केंता पहिल्यांदा “काकू, जातो” म्हणाला, तेव्हा वसुधाने कानांवर हात ठेवले होते. “जातो म्हणू नये रे. येतो म्हणायचं.” तेव्हापासून तो दारात वाकून “येतो” म्हणायचा आणि ती “ये हं!” म्हणायची. त्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे.

मग केंताला ओसाकात नोकरी लागली. हे सगळ्यांना कळलं आणि कोणीच बोललं नाही. हिरोमीचे ड्रम विकायला काढल्याची जाहिरात श्यामकांतांनी पाहिली, पण वसुधाला दाखवली नाही. वसुधाने ती आधीच पाहिली होती, त्यांना दाखवली नव्हती. केंताकडे विषय काढावा, तर तो आणखी भात मागायचा.

बंदराजवळच्या एका छोट्या बारमध्ये बँडचा तिसरा कार्यक्रम होता. शेवटचा, हे पोस्टरवरही नव्हतं. चार गाणी झाली. केंता माइकशी आला, खाली बघत राहिला आणि म्हणाला, “एतो...”

“ये हं!” पहिल्या रांगेतून वसुधा सवयीने म्हणाली आणि पर्स घेऊन उठली. काकू उठल्या म्हणजे संपलं, असं समजून मंडळ उठलं. शेजारच्या जर्मन बाईने घाबरून विचारलं, “ब्रेंट एस? आग लागलीय?”

मंडळाच्या गुरुदत्तांचं जर्मन एका शब्दापाशी सुरू होऊन तिथंच संपायचं. ते म्हणाले, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर.

झालं! धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. सगळा बार शिस्तीत बाहेर पडला आणि आगीच्या वेळी जमायच्या हिरव्या पाटीखाली पावसात उभा राहिला. पाठोपाठ गिटार पोटाशी धरून केंता आणि काठ्या घेऊन हिरोमी.

“अरे, तू बाहेर कशाला आलास?” वसुधाने विचारलं.

“सगळे आले, काकू.”

“तूच म्हणालास ना, येतो?”

“येतो नाही. एतो. जपानीत शब्द सापडत नाही तेव्हा... एतो.”

“अगं बाई! मग सापडला का?”

हिरोमी काठ्या पुसू लागली. केंता कमरेत वाकला, नेहमीपेक्षा जास्त, आणि बराच वेळ वर आला नाही.

“काकू,” तो म्हणाला, “जातो.”

वसुधाचे हात या वेळी कानांकडे गेलेच नाहीत. छत्रीखालून श्यामकांतच ओरडले, “जातो नाही रे म्हणायचं, गाढवा!”