चाळीस पानांपुढचा मजकूर

कंपनीचा नवा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-वाचण्याचे सॉफ्टवेअर, बाजारात आणण्यापूर्वी त्यात अतिप्रचंड फाइल उघडते की नाही, याची रीतसर खात्री करून घेण्याचे ठरले. काम चाचणीवाल्या बाईंकडे आले. बाई तीन वर्षे तात्पुरत्या होत्या. शुक्रवारपर्यंत अहवाल ‘उत्तीर्ण’ आला तर कायम, नाही तर घरी, हे त्यांना अत्यंत प्रेमाने सांगण्यात आले होते.

बाईंनी दोन लाख पानांची फाइल तयार केली आणि उघडली. एडिटर ढिम्म. बाई चहा पिऊन आल्या, तरी ढिम्म. जेवून आल्या, तोवर संगणकानेही मान टाकली होती.

साहेबांनी प्रोग्रामरला झाप झाप झापले. दुसऱ्याच दिवशी तीच फाइल चुटकीसरशी उघडली! बाईंना कोण आनंद झाला. पण बाई पडल्या चिवट. त्या खाली खाली जात राहिल्या आणि चाळिसाव्या पानानंतर पाहतात तो सगळा शुकशुकाट.

“साहेब, पुढची पानं कुठायत?”

“अहो, त्या पानांमुळेच तर अडकत होता. दाखवणंच बंद केलं.”

“मग लोक वाचणार कसे?”

“चाळीस पानांपुढे वाचणारा माणूस पाहिलाय कधी?”

“मी वाचते की!”

“म्हणून तर अजून तात्पुरत्या आहात.”

तरीही कुणावर अन्याय नको, म्हणून फाइल सात खातेप्रमुखांकडे अभिप्रायार्थ पाठवण्यात आली. तासाभरात सातही जणांचा शेरा आला: ‘संपूर्ण वाचले. आक्षेप नाही.’ एकाने तर ‘शेवटचे प्रकरण विशेष भावले’ असेही नमूद केले.

बाईंचे डोकेच फिरले. नोकरी हवी होती हो, पण खोटे लिहायला हात धजेना. ‘हा एडिटर मजकूर गिळतो, विकू नये,’ असे त्यांनी अहवालात स्वच्छ लिहिले. मात्र नियमानुसार आधी व्याख्या, उद्दिष्टे, साहेबांचा संदेश आणि सर्व खात्यांचे आभार जोडावे लागत. निष्कर्ष ढकलला गेला त्रेपन्नाव्या पानावर. आणि अहवाल कंपनीच्याच एडिटरमध्ये उघडण्याचा आदेश होता.

साहेबांनी तो उघडला आणि आभारांपर्यंत वाचून ते गहिवरले.

“शाब्बास! एकही दोष नाही! आजपासून तुम्ही कायम.”

बाई तोंड उघडणार, तोच कायम नेमणुकीचा करार त्याच एडिटरमध्ये पडद्यावर आला. खाली एकच चौकट: ‘संपूर्ण वाचले, मान्य आहे.’ तीन वर्षे ज्यासाठी जीव टाकला, ते समोर होते. त्यांनी डोळे मिटून खूण केली. एडिटरने कुणाचाही मजकूर गिळल्यास सर्वस्वी जबाबदार चाचणीवाल्या बाई, हे कलम एकेचाळिसाव्या पानावर होते; ते पान एडिटरने दाखवलेच नाही.

बिचाऱ्या बाई, म्हणून उगाच हळहळू नका. हा एडिटर आपल्या फोनवर उतरवून घेताना तुम्हीही तीच खूण केलीत; आणि तुम्हाला तर सगळी पानं दिसत होती.